कोरी उलटी बाजू

ताईची एक खोड होती. कुणी भरतकाम दाखवायला आणलं, की आधी ते उलटून बघायची. "वरून काय, सगळ्याच सुगरणी असतात," म्हणायची. तिची स्वतःची उलटी बाजू इतकी नेटकी, की सुलट कोणती ते लोकांना सांगावं लागे.

धाकटी बहीण महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली होती. तिनं भरायला घेतलेली चादर बाहेरच्या खोलीत रिंगेत तशीच अडकलेली. एक वेल, सहा पानं, त्यातली दोन भरून झालेली. एका दुपारी ताईनं पाहिलं, तर तिसरंही भरलेलं. चांगलं गच्च, भरीव टाक्यानं.

"काय गं, चोरून उठलीस ना?"

"उठायला अंगात त्राण नको?" धाकटी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

खरंच नव्हतं. पोर दिवसेंदिवस खंगत चालली होती आणि डॉक्टर नुसते मान हलवत होते.

दुसऱ्या दुपारी चौथं पान भरलेलं दिसलं, लांब-आखूड टाक्यानं, शेंड्याकडे हिरवा फिका होत गेलेला. त्या दिवशी धाकटीच्या घशाखाली घोटभर पाणी उतरेना. तिसऱ्या दुपारी पाचवं, जाळीच्या टाक्यानं. आणि तिला उशीवरून मान उचलवेना. आता एकच पान उरलं होतं. तेही भरलं, तर बहीण काही हाती लागत नाही!

सवयीनं तिनं रिंग उलटली.

जुन्या दोन पानांमागे दोरा होता. नव्या तिन्ही पानांमागे कोरं कापड. गाठ नाही, टाका नाही, काही नाही.

उसवून टाकायचं, बस्स. तिनं कात्री घेतली आणि पाचव्या पानाचा एक टाका कापला.

आतल्या खोलीत धाकटी किंचाळली. "आई गं!"

ताई धावली. धाकटी कुशीवर वळून पाठीकडे हात नेऊ बघत होती. ताईनं तिच्या गाऊनची मागची बटणं काढली.

दोन्ही खांद्यांच्या मधे तीन पानं होती. कातडीत ओवलेला हिरवा दोरा, ओळीला ओळ लागून. एका पानाच्या दोऱ्याचं टोक सुटून लोंबत होतं.

रक्त नव्हतं.

"ताई, ते टोक आत घाल गं," धाकटी पुटपुटली. "मोकळं राहिलं की फार दुखतं."

ताईला रडू फुटलं. मग तिनं पदरानं डोळे कोरडे केले, चष्मा लावला आणि सुई घेतली.

"हलू नकोस," ती म्हणाली.