गुड फ्रायडेचा चावरा नळ

"हात लावू नकोस, चावेल तो!" एउदी ओरडला, पण उशीर झाला होता. नायेलिसने नळावरचा हात झटकला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या होत्या.

ईस्टरची सुट्टी होती. नायेलिस मामाकडे बानी गावाला आली होती. मामेभाऊ एउदी अकरा वर्षांचा, ती तेरा. परसात कपडे धुवायचा दगड होता, त्याच्याशेजारी लोखंडी नळ, नळाच्या वर भिंतीत झाकण नसलेला प्लग पॉइंट आणि त्यात अर्धवट खोचलेली पंपाची पिन. नळाला खेटूनच मामाने प्लास्टिकचा मोठा निळा हौद मांडला होता. ईस्टरला आमच्याकडे दारोदारी असे हौद दिसतात. ज्याला समुद्रावर जाणं परवडत नाही तो समुद्रच घरी आणतो.

एनेरियाआजी चुलीवर रताळं घालून ईस्टरचा गोड घेवडा ढवळत होती. नळाची तक्रार ऐकून ती म्हणाली, "आज गुड फ्रायडे. आज पाण्यात खेळणाऱ्याचा मासा होतो. देव ताकीद देतोय, कळलं? उद्या बघा, नळ गप्प बसेल."

दुपारी नेहमीसारखी लाइट गेली. कनेला कुत्री नळाखालच्या डबक्यात निवांत पाणी प्यायली. तासाभराने लाइट आली, पंप घुरघुरला आणि कनेला केकाटत पळाली.

"लाइट गेली की देवाचाही राग जातो होय गं?" एउदीने विचारलं.

नायेलिस हसली नाही. ती लांबूनच वाकून पिनेकडे बघत होती. तीन पायांच्या पिनेचा तिसरा पाय तोडलेला होता.

"मीच तोडला," फाउस्तोमामा म्हणाला. "भिंतीत भोकं दोनच, तिसऱ्या पायाचं लोणचं घालू? गावात सगळ्यांच्या पिना अशाच असतात."

"पण मामा, तो अर्थिंगचा पाय. आता करंट पंपातून नळात उतरतोय. आणि वर पाणी उडतंय."

"चावलं तर रबरी चपला घालायच्या. तुझी आजी तीस वर्षं तशीच कपडे धुते. काय झालं तिला?"

"हौदात चपला घालून कोण बसतं?"

"फार शहाणी आहेस," म्हणत मामा कोपऱ्यावर डॉमिनो खेळायला निघून गेला. रात्री तिने पुन्हा विषय काढला तर आजीने तिला झोपायला पिटाळलं. तिला झोप कसली लागतेय!

शनिवारी सकाळपासून लाइट नव्हती. नायेलिस आणि एउदी दुकानातून बर्फ घेऊन परतले आणि परसाच्या दारातच थबकले. मामा कोपऱ्यावर, आजी शेजारी; घरात मोठं कोणी नव्हतं. एउदीचा चार वर्षांचा धाकटा भाऊ दारिएल हौदात छातीभर पाण्यात उभा होता. दोन्ही हातांनी नळ धरून तो "भुर्रर्र" करत गाडी चालवत होता. पंपाचं बटण चालूच होतं. आमच्याकडे ते कोणी बंद करत नाही, लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून.

"दारिएल, बाहेर ये!" एउदीचा आवाज फाटला.

"नाही. मी बस चालवतोय."

तेवढ्यात वरच्या गल्लीतून आरडाओरडा झाला. "आली! लाइट आली!" आमच्याकडे लाइट गल्लीगल्लीने येते. वरची गल्ली, मग चर्चची, मग आमची.

एउदी धावत सुटला तसा नायेलिसने त्याचा शर्ट धरला. नळापासून दारापर्यंत डबकं साचलं होतं.

"सोड! माझा भाऊ आहे तो!"

"तू ओल्यात असताना लाइट आली तर दोघंही जाल. मी मेन स्विच पाडते. तू कोरड्यातच थांब आणि त्याला नळ सोडायला लाव. काहीही सांग!"

ती घरातून पुढच्या पडवीकडे धावली. चर्चच्या गल्लीत टाळ्या पिटल्याचं ऐकू आलं. मेन स्विच उंचावर होता. तिने खुर्ची ओढली, चढली, दोन्ही हातांनी खटका खाली ओढला. गंजलेला खटका हलेना. मागून एउदी रडत ओरडत होता, "दारिएल, घेवडा खायला ये, माझाही तूच खा, सगळा तूच खा!" आणि दारिएल खिदळत होता.

नायेलिसने खटक्याला लोंबकळून घेतलं. पायाखालची खुर्ची निसटली, तिच्या वजनाने खटका पडला आणि तीही खाली आदळली. त्याच क्षणी समोरच्या घरातला रेडिओ गरजला. सगळी गल्ली ओरडली, "आली!"

त्यांच्या घरात मात्र काहीच आलं नाही. पंप गप्प होता.

मामा तणतणत आला, मागोमाग आजीही. "सगळ्या गल्लीत लाइट आणि आपल्याकडेच नाही? मेन कोणी पाडला?" तो खटक्याकडे हात नेणार तोच नायेलिस खरचटलेल्या गुडघ्यांनिशी आडवी उभी राहिली.

"आधी दारिएलला बाहेर काढा. मग हवं तर मला मारा."

तिचा चेहरा बघून मामाने हात मागे घेतला. त्याने दारिएलला उचलून आणलं. शेजारचे प्राक्सेदेसकाका वायरमन होते, त्यांना एउदीने हाताला धरून आणलं. सगळ्यांना लांब उभं करून काकांनी मेन चढवला आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं. टेस्टर लखलखीत पेटला. मग हौदातल्या पाण्यालाही टेकवलं. तिथेही पेटला.

काकांनी लगेच मेन पाडला. "फाउस्तो," ते हळू आवाजात म्हणाले, "पोरगं नळ धरून उभं होतं ना?"

मामा खाली जमिनीवर बसला. दारिएलला त्याने इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरायला लागला. आजीने पदराने डोळे पुसले आणि नायेलिसचं डोकं छातीशी धरलं. "तुला झोपायला पिटाळलं गं मी," ती म्हणाली. "देव ताकीद देत होता, पण ती तुझ्या तोंडून. मीच बहिरी."

काकांनी पंपाची वायर कापली. नवा पॉइंट नळापासून लांब, झाकणासकट आणि अर्थिंग घालून बसवायचं ठरलं. घरातला पंखा तरी सुरू व्हावा म्हणून ते पुन्हा मेनकडे वळले, तेव्हा मामा म्हणाला, "थांबा. तिला विचारा."

नायेलिसने आधी दारिएल कुठे आहे ते पाहिलं. तो बापाच्या मांडीवर होता, कोरडा.

"चढवा, काका," ती म्हणाली.