बाईचा जबडा

हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय, पोरांनो. ऐकीव नाही. तो दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. त्या शनिवारी रात्री साडेदहाला एकटाच कामाला थांबला होता. नाल्यात सापडलेली एक कवटी पोलिसांनी जबड्यासकट आणून दिली होती. बाईची की पुरुषाची, एवढंच सकाळपर्यंत सांगायचं होतं.

त्यानं कवटी यंत्रात बसवली. आपण हनुवटी टेकवून उभे राहतो आणि यंत्राचा हात डोक्याभोवती फिरतो ना, तेच यंत्र. मग खोलीबाहेर येऊन भिंतीवरचं बटण दाबून धरलं, फोटो काढला, निवांत मापं घेतली. जबड्याची मागची उंची कमी, कोन पसरट, गालाच्या हाडातली पोकळी लहान. कपाळाचं हाड मात्र फुटून आत गेलेलं. त्यानं डॉक्टर मॅडमना फोन लावला.

"मॅडम, छातीठोकपणे नाही सांगता येत, पण मापं बाईचीच दिसतायत."

"पुरुषाची लिही," मागून आवाज आला.

दारात त्याच गल्लीतला पिठाच्या गिरणीवाला उभा. बायको कुणाचा तरी हात धरून पळून गेली, असं त्यानंच वर्षभर सगळ्यांना सांगितलेलं. हातात लोखंडी पहार.

"दादा, मापं काय माझ्या हातात आहेत का..."

पहार खांद्यावर बसली. आपलं हाड मोडल्याचा आवाज साडूनं स्वतःच्या कानानं ऐकला. दुसरा घाव गुडघ्यावर. तो बटणाखाली भिंतीशी कोसळला. तोंडात रक्त, फोन कुठेतरी पडलेला, तसाच चालू. गिरणीवाला त्याला ओलांडून खोलीत शिरला.

"मेलीस तरी पाठ सोडत नाहीस," म्हणाला, आणि कवटीवर पहार उगारली.

साडूच्या डोक्यावरचं बटण आत गेलं.

आपोआप.

आतच राहिलं...

यंत्र फिरायला लागलं. पहार खणकन खाली पडली. मग ओरडणं नाही. घशातली घरघर. फरशीवर पाय घासल्याचा आवाज. कट्...

पुन्हा कट्.

मग काहीच नाही.

फोनवर सगळं ऐकून मॅडम पोलिसांना घेऊन धावत आल्या. गिरणीवाला यंत्रात हनुवटी टेकवून लटकत होता. मेलेला. जबडा दोन्हीकडून मोडलेला. कवटी बाजूला फरशीवर, नवा ओरखडाही नाही. खोलीत दुसरं कुणी नाही.

साडूला स्ट्रेचरवर घेताना मॅडम कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर थांबल्या. हलेनात. त्यानं मान वळवून पाहिलं.

नवा फोटो आला होता. गिरणीवाल्याचा जबडा... आणि तो दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेली, बारीक बोटांची हाडं.

दहाच्या दहा.