वळसा

दार उघडंच राहू द्या. दिवा विझला तरी चालेल, पण बंद दाराआड मला हे सांगवत नाही.

त्या सकाळी मी नेहमीचंच काम करत होते. रानातल्या तळावर, पत्र्याच्या खोलीत बसून तुकड्या लावायच्या. कुठली पायवाट कुणी साफ करायची, कुठली पडलेली झाडं कापायची, वाहून गेलेल्या पायऱ्या कुणी बसवायच्या, हे मी ठरवायचे आणि वायरलेसवर सांगायचे. गाडीरस्ता तळाच्या खालीच संपतो. वर नुसतं रान. यंत्राच्या करवतीला तिथं मनाई आहे. दोन मुठींची लांब करवत असते, ती दोघांनी दोन बाजूंनी ओढायची.

ती करवत सगळ्यात सुरेख ओढायचा, त्याला आम्ही करवत्याच म्हणायचो. दुपारी वायरलेसवर त्याचा आवाज यायचा, "ताई, झाड झोपवलं. आता आम्हीपण झोपू का?" आणि सगळ्या तुकड्या हसायच्या.

त्या सकाळच्या काही दिवस आधी मोठं वारं सुटलं, तेव्हा तो साहेबाबरोबर वर गेला होता. साहेब म्हणजे आमचा मुख्य अधिकारी. वरची वाट पाहुण्यांसाठी उघडायची तारीख ठरली होती, म्हणून त्याला पाहणी करायची होती. वाटेत काही आडवं आलं तर असावी म्हणून करवत्याने करवत खांद्यावर घेतली. संध्याकाळी साहेब एकटाच खाली आला.

"त्याला पलीकडच्या उतारावर पाठवलंय," म्हणाला.

करवत्या परतला नाही. आम्ही पलीकडचा उतार पालथा घातला, हाका मारून मारून घसे बसले. मग साहेबाने शोध बंद करायला लावला. "पळाला असेल. असली माणसं पळतातच."

असली माणसं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडले, वरपर्यंत तक्रार केली. उत्तर एकच, तारीख चुकता कामा नये. त्यातच साहेबाचा हुकूम आला, "वरच्या वाटेवर मोठं झाड आडवं पडलंय. ते कापत बसू नका. वळसा घालून वाट काढा." मला वाटलं, घाई आहे म्हणून.

वळसा काढायला मुकादमाची तुकडी गेली, त्याच सकाळी करवत्याची मोठी बहीण तळावर आली. सगळ्यांची अक्का. गाडीरस्त्यापासून चढून आली होती, पण बसायला तयार नव्हती.

"माझा भाऊ पळाला म्हणून कुणी सांगितलं?"

"साहेबाने."

"त्याच्या तोंडाला काही हाड? आईच्या दुखण्यात वर्षभर उशाशी बसलेला पोरगा तो. तो पळेल?"

मी काही बोलणार तेवढ्यात वायरलेस खरखरला. मुकादम होता, पण आवाज अगदी खाली आणलेला.

"ताई… त्या आडव्या झाडावर दुसरी तुकडी लावलीत का?"

"नाही. का?"

"मग… करवत कोण ओढतंय?"

वायरलेसवर त्याच्या आवाजामागून ते ऐकू येत होतं. खर्र… खर्र… ओल्या लाकडातून दात फिरल्यासारखं. अक्काने पदर खोचला आणि ती माझ्याआधी दाराबाहेर पडली.

वर पोचेस्तोवर धुकं खाली उतरलं होतं. पाखरू बोलत नव्हतं. ताज्या भुशाचा वास येत होता, गोडसर, आणि त्याच्या आड दुसरा एक वास, ज्याचं नाव मला तेव्हा घ्यायचं नव्हतं. तुकडी वाटेच्या कडेला एकमेकांना चिकटून उभी होती. समोर छातीएवढ्या उंचीचं खोड आडवं. त्यात करवत अर्धीअधिक रुतलेली. आमच्या बाजूची मूठ रिकामी होती. कुणी धरलेली नव्हती. आणि ती पुढं जात होती, मागं येत होती.

मुकादम धीराचा माणूस. तो खोडाला वळसा घालून पलीकडे गेला आणि लगेच परतला. चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

त्याने नुसती मान हलवली. "कुणी नाही… मूठच चालतेय."

अक्का मात्र सरळ पुढं गेली. कुणी अडवायच्या आत तिने ती मूठ दोन्ही हातांनी धरली.

"एकट्याने ओढतोस होय रे मेल्या?" ती ओरडली. रडत नव्हती. संतापली होती. "मला हाक मारायला काय झालं होतं? ओढ! ओढ आता!"

पलीकडून ओढ आली. अक्का खोडावर आपटली, पुन्हा पाय रोवून उभी राहिली. भुसा उडत राहिला. तिचे तळवे फुटले, मूठ लाल झाली. मी तिला धरायला गेले तर तिने मला कोपराने ढकललं. शेवटी कडाड आवाज झाला आणि खोडाचा खालचा तुकडा घरंगळत धुक्यात गेला.

त्याच्याखाली, दगडांच्या खबदाडात, करवत्या होता.

कमरेपासून खाली चेंगरलेला. पाठ दगडाला टेकलेली. पण माझी नजर वर गेली. खोडाच्या उरलेल्या भागाची साल, त्याचा हात पोचेल तिथवर, नखांनी सोलून काढलेली होती. एका दिवसात होणारं काम नव्हतं ते. हा माणूस इथं जिवंत होता, आणि आम्ही पलीकडच्या उतारावर हाका मारत फिरत होतो!

मी मुकादमाचा वायरलेस हातात घेतला. सगळ्या तुकड्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"साहेब, करवत्या सापडला."

खरखर. मग, "कुठं?"

"जिथं तुम्ही वळसा घालायला सांगितलात, तिथं."

त्याने वायरलेस बंद केला.

अक्काने भावाचं तोंड पदराने पुसलं. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "बाई, पलीकडून ओढणारा माझा भाऊ नव्हता. लहानपणापासून एकत्र ओढलंय आम्ही, मला त्याचा हात कळतो. हा जो कोण होता ना… तो माझ्यापेक्षा चिडलेला होता."

चौकशी झाली. अपघात ठरला. साहेब म्हणाला, झाड पडलं तेव्हा मी तिथून निघालो होतो, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. वाट उघडली, पाहुणे आले, फोटो निघाले. साहेब मानाने निवृत्त झाला. मी दात-ओठ खात तुकड्या लावत राहिले.

परवा साहेब रानालगतच्या आपल्या घरातून नाहीसा झाला. आता त्याच्यासाठी अख्खं रान पिंजून काढतायत. कुत्री आणलीत, तुकड्या लावायला मलाच बोलावलं. त्याच्यासाठी कुणी म्हणालं नाही, पळाला असेल!

नाहीसं होण्याआधी त्याने मला फोन केला होता. भर दुपारी. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"घरात मी एकटाच आहे," तो म्हणाला. "तुम्हाला एक सांगायचं होतं… तो जिवंत होता. माझ्याशी बोलला. माणसं घेऊन या, म्हणाला. मी हो म्हणालो…"

"मग?"

"चौकशी लागली असती. तारीख गेली असती. मला वाटलं… फार वेळ नाही लागणार त्याला."

मी किंचाळणारच होते. इतकी वर्षं साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं. पण त्याच्या मागून, फोनच्या अगदी जवळून, कुणीतरी शांतपणे विचारलं,

"झालं का बोलून?"

करवत्याचा आवाज मी रोज ऐकलेला. हा त्याचा नव्हता.

साहेबाच्या चपला फरशीवरून दाराकडे गेल्या. एकट्याच्याच. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग चपला पायऱ्या उतरून मातीत गेल्या आणि ऐकू येईनाशा झाल्या. मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी होते.

आणि मग त्या रिकाम्या घरात कुणीतरी फोन हलक्या हाताने जागेवर ठेवला.