बाभळीच्या विहिरीची घंटी

आमच्या ग्रामपंचायतीत माझ्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे आणि त्याला घंटी जोडलेली आहे. गावातल्या विहिरींमध्ये पाणी मोजणारी तरंगती यंत्रं सोडलीत. पाणी चढलं-उतरलं की मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर त्या विहिरीची फाईल बदलते, सर्व्हर माझ्या कॉम्प्युटरला तसं कळवतो आणि घंटी वाजते. मग मी पाणीपुरवठ्याच्या हनुमंताला फोन लावते आणि तो पंप चालू किंवा बंद करतो. सरपंच काकासाहेब हिवरे बाजार गावातलं पाण्याचं काम पाहून आले, त्यानंतर हौसेनं हे बसवून घेतलं.

माझा रोजचा नेम साधा आहे. सकाळी तुळशीला पाणी घालताना गावातल्या सगळ्या विहिरींची नावं घ्यायची आणि मगच स्वतः पाण्याचा घोट घ्यायचा. त्यात बाभळीच्या विहिरीचंही नाव येतं. ती कोरडी पडली म्हणून चार वर्षांपूर्वी मुरूम टाकून बुजवली, पण नेमातलं नाव गाळायला माझं मन झालं नाही.

वैशाखात घंटी चुकायला लागली. विहिरीचं पाणी उतरलं तरी वाजली नाही, पंप चालूच राहिला आणि टाकी भरून वाहिली.

"सविताताई, पानी पार मारुतीच्या पारापर्यंत गेलं आन् तुमची घंटी झोपलेली," काकासाहेब म्हणाले. मग आवाज खाली आला. "सोमवारी देवीच्या विहिरीत हनुमंता उतरनार हाय. तवा चुकली तर?"

देवीची विहीर खोल आहे, वरून तळ दिसत नाही. गाळ साठतो तो तळाशी खोदलेल्या आडव्या बोगद्यात. आत शिरलेल्या माणसाला वरची हाक पोचत नाही, म्हणून कमरेला दोरी बांधतात. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे गाळाची पाटी ओढा. तीन म्हणजे मला वर घ्या. गाळ निघता निघता झरा एकाएकी फुटला, तर आतल्याला ते उशिरा कळतं. यंत्राला आधी कळतं, म्हणजे मला.

मी वायरी तपासल्या, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. हाताने एक फाईल बदलून पाहिली, तर घंटी नीट वाजली. मग शोधत शोधत मूळ सापडलं. माझ्या कॉम्प्युटरनं वाचून घेईपर्यंत सर्व्हर आपल्या सूचना एका लहानशा जागेत साठवतो. ती जागा भरून वाहिली की तो सगळ्याच सूचना टाकून देतो आणि एवढंच कळवतो, की बरंच काही बदललंय, स्वतः पाहून घ्या. हा निरोप आमच्या घंटीला समजतच नव्हता. तो पडद्यावर दिसेल अशी सोय मी केली.

पण जागा भरत होती कशानं? चार विहिरींचं पाणी दिवसाला बदलून बदलणार किती?

मी एकेका विहिरीची घंटी वेगळी लावून ऐकत बसले. बाकीच्या गप्प होत्या. बाभळीची वाजली.

तीनदा. थांबली. पुन्हा तीनदा. मग इतक्या घाईनं वाजायला लागली की नुसती एक सलग किणकिण ऐकू यायला लागली.

फाईल उघडली. आत जुनाच आकडा होता आणि तारीखही चार वर्षांपूर्वीची. काहीच बदललेलं नव्हतं.

तेवढ्यात हनुमंता आला. "उंदरानं वायर कुरतडली आसंल, ताई. त्याला बी तुमच्या नेमाचा उपास घडवा!" असं म्हणून हसला. मग घंटी ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं. हात आपसूक कमरेशी, दोरीची गाठ असते तिथे गेला.

"बंद करा ते," तो म्हणाला.

चार वर्षांपूर्वी, बुजवण्याआधी बाभळीच्या विहिरीतलं यंत्र काढून आणायला गावातला सूर्यभान गेला होता. यंत्र परत आलं नाही आणि सूर्यभानही आला नाही. यंत्र विकून एखाद्या ऊसतोड टोळीबरोबर निघून गेला असेल, असं गाव म्हणालं. दुसऱ्या दिवशी मुरमाचे डंपर आले. त्याची बायको, लंकाबाई, आमचं कार्यालय झाडते. कुंकू अजून लावते.

त्या किणकिणीनंच जागा भरत होती आणि हनुमंता सोमवारी खाली उतरणार होता. मी हात जोडले आणि बाभळीच्या विहिरीला घंटीतून काढून टाकलं. आता सर्व्हर तिच्याबद्दल मला काही कळवणार नव्हता.

घंटी सुधारली. देवीच्या विहिरीची, शाळेजवळच्या विहिरीची, सगळ्या सूचना वेळेवर यायला लागल्या. फक्त सकाळी तुळशीपाशी ते एक नाव घेताना जीभ अडखळायची.

"घंटी लई गप झाली, ताई," लंकाबाई झाडता झाडता म्हणाली.

सोमवारी हनुमंता उतरला. दोरीवर काकासाहेब आणि आणखी चौघं होते. मी टेबलाशी बसले होते, फोन हातात घेऊन. ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

घंटी वाजली नाही.

पडद्यावर निरोप आला. बरंच काही बदललंय, स्वतः पाहून घ्या.

जागा भरली होती. पण बाभळीला तर मी काढलं होतं.

देवीच्या विहिरीची फाईल उघडली. पाणी पुरुषभर चढलेलं होतं.

फोन लावला. "काकासाहेब, वर घ्या त्याला! आधी वर घ्या!"

"घेतला की," काकासाहेबांना धाप लागली होती. "तीन हिसके आले, आमी वढला. तो वर आला आन् मागनं पानी. काय झरा फुटलाय, ताई!"

देवाचं नाव घेत मी विहिरीकडे धावले. हनुमंता काठावर चिखलात बसला होता. कुणीतरी चहा दिला होता, तो कपात तसाच होता.

"शहाना हायेस," काकासाहेब त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "येळंवर वढलीस दोरी."

हनुमंतानं माझ्याकडे पाहिलं.

"म्या न्हाई वढली," तो म्हणाला. "माझ्या दोनी हातात फावडं हुतं. मला ठावंच न्हवतं पानी आलंय."

काकासाहेबांनी दोरी गुंडाळून माझ्याकडे दिली. ती नेहमी कार्यालयात, कपाटामागे ठेवतात.

परत आले. दोरी ठेवली, हात धुतले आणि बाभळीच्या विहिरीला पुन्हा घंटीत घेतलं. ज्यानं एक जीव राखला, त्याची विहीर गाळून मला पाण्याचा घोट गेला नसता.

लंकाबाई दारापाशी झाडत होती.

घंटी वाजली. एकदा. मग दुसऱ्यांदा.

लंकाबाईचा झाडू थांबला.

तिसऱ्यांदा वाजली, तेव्हा तिनं झाडू भिंतीला टेकवला, पदर कमरेला खोचला आणि माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर घाबरल्याचं काही नव्हतं, नुसती कामाची घाई होती.

"दोरी कुठं ठिवली, ताई?"