बकुळीच्या झाडापर्यंत

वाहतूक नियंत्रण कक्षात प्रमिला खांबेटे अकरा वर्षांनी पाऊल टाकत होत्या. रस्ता ओलांडायला माणसांना किती सेकंद द्यायचे, कुठली जागा कशाला द्यायची हे ठरवणारं ‘हेतुमापक’ यंत्र त्यांनीच घडवलेलं. आज त्याच यंत्रापुढे पदर पसरायची वेळ त्यांच्यावर आली होती.

त्यांच्या घरासमोर आठपदरी रस्ता, पलीकडे उद्यान आणि उद्यानात एक बकुळ. त्यांचे पती दिगंबरराव सगळंच विसरत चालले होते. पण त्या झाडाखाली बसले, की फुलं हुंगता हुंगता मध्येच “प्रमिला” अशी हाक मारायचे. दुसरीकडे कुठेही नाही. हिरवा दिवा बावीस सेकंदांचा, आणि दिगंबररावांना लागायचे पन्नास. दोन महिन्यांपूर्वी दोघं रस्त्यात मधोमध अडकले, ट्रकचा आरसा दिगंबररावांच्या खांद्याला घासून गेला. तेव्हापासून जाणं बंद होतं.

“वाढव की रे सेकंद,” त्या तन्मयला म्हणाल्या. तन्मय शेंडे एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी, आता कक्षप्रमुख.

“मॅडम, माझ्या हातात काही नाही. यंत्र खांबाखांबावरून पावलं वाचतं. माणूस अर्जात काहीही लिहील, पावलं खोटं बोलत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. तिथून ओलांडणारे सगळे तरणेताठे. त्यांना बावीस पुरतात.”

“अरे, ज्यांना पुरत नाहीत ते येतच नाहीत! न आलेल्यांची पावलं कशी वाचणार तुझं यंत्र?”

तन्मय ओशाळला. “मग येऊ देत त्यांना. महिनाभर, रोज. थांबलेली गर्दी दिसली, की सेकंद आपोआप वाढतील.”

प्रमिलाबाईंनी कंबर कसली. वसाहतीतले काठीवाले, गुडघ्यांनी बेजार झालेले, मुलांना बसवून सायकल हातानं ढकलत नेणाऱ्या आया, सगळ्यांना त्यांनी घरोघरी जाऊन गोळा केलं. रोज सकाळी सात वाजता नव्वद माणसं रस्त्याच्या कडेला येऊ लागली. कुणी जीव धोक्यात घालून ओलांडायचं नाही, नुसतं थांबायचं, असं ठरलं होतं.

पण आपली माणसं नुसती थांबतील तर शपथ! चौथ्या दिवशी घडीच्या खुर्च्या आल्या, थर्मास आले. सबनीसांनी शेंगदाण्याचे लाडू आणले. सायकली स्टँडवर लागल्या आणि धूर तोंडावर नको म्हणून मंडळी रस्त्याकडे पाठ करून गोल बसली. झकास कट्टा जमला. प्रमिलाबाई कितीतरी दिवसांनी पोटभर हसल्या. तिथेच घात झाला.

एकतिसाव्या दिवशी प्रमिलाबाई दिगंबररावांना घेऊन आल्या, तर ओलांडणीचा दिवा विझलेला होता. अलीकडे आठ कोरे करकरीत बाक आणि पलीकडे उद्यानाच्या फाटकात खोदयंत्र उभं. तन्मय स्वतः आला होता.

“यंत्राला गर्दी दिसली, मॅडम. पण ओलांडायला थांबलेला माणूस रस्त्याकडे बघतो, चुळबुळ करतो. ही माणसं पाठ फिरवून चाळीस-चाळीस मिनिटं बसली आणि घरी गेली. माणूस जिथे वीस मिनिटं रमतो, तेच त्याचं पोचण्याचं ठिकाण, हा नियम...”

“माझाच,” त्या म्हणाल्या.

“यंत्राच्या हिशेबी इथल्या लोकांचं उद्यान हेच. पलीकडे कुणालाच जायचं नाही. ती जागा रस्तारुंदीला दिली त्यानं.”

“बकुळ?”

“काल पाडली.”

प्रमिलाबाईंना रडू फुटलं. तन्मयसमोर रडायची लाजही त्यांना वाटली नाही. मागे वळून बघतात तो दिगंबरराव एका बाकावर जाऊन बसलेले.

“बकुळ कुठाय हो, बाई?” त्यांनी विचारलं.

“अहो, उठा. इथे नाही बसायचं. वीस मिनिटं व्हायच्या आत उठा.”

“बसू द्या ना, बाई. पाय दुखतात माझे.”

त्यांनी हात धरून ओढून पाहिलं, मग तो सोडला आणि शेजारी बसल्या. समोरून ट्रक जात राहिले. विसाव्या मिनिटाला खांबावरच्या यंत्रानं दोघांचीही नोंद केली: रमले.