बाहेरची मजुरी

"हाच बर्गर घरी निम्म्याहून कमी पैशांत होतो," असं मी रांगेत मैत्रिणीला म्हणाले, ते काउंटरपलीकडच्या माणसाने ऐकलं.

"गॅस धरलात?" त्याने कागदाची घडी घालत विचारलं.

"धरला."

"आणि उरलेला अर्धा कोबी? फ्रिजमध्ये सडतो तो?"

कोबी मी धरला नव्हता. मी खुर्च्यांच्या कारखान्यात खर्च काढते. एका खुर्चीला किती स्क्रू, किती पॉलिश, किती मिनिटं, सगळं मला तोंडपाठ. मला कुणी कोबीवरून पकडावं हे झोंबलं. थोडं आवडलंही, पण तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

मग जेवणाच्या सुट्टीत रोज तेच सुरू झालं. मी नवा आकडा सांगायचा, त्याने टोपीखालून बघत एक खर्च वाढवायचा. शेवटी मी घरी केलेला बर्गर डब्यातून नेला. त्याने एक घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"इतकं महागाचं चीज? चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आणि टिक्की कोरडी झालीये." मग डबा परत देत, "रविवारी सुट्टी असते मला. म्हणजे... शिकायचं असेल तर."

"आई असते घरी," मी म्हणाले.

"मग तर येतोच."

तो आला. आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना चुकवून उभी राहू शकत नाहीत. त्याचं कोपर माझ्या कोपराला तीनदा लागलं — मोजायची सवयच आहे मला. आईने मागची भांडी घासली आणि उगीचच हसत बाहेर गेली. बर्गर उत्तम झाला होता. मी खुशीत हिशोबाचा कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "बाहेरची मजुरी, दीड तास."

"आमच्या कारखान्यात तसंच लिहितात. कामाला हात लावला की धरायचंच."

"आईंनी भांडी घासली. त्यांचं नाही धरलंत?"

"ती घरची आहे."

"बरोबर," तो म्हणाला. आपलं ताट उचलून त्याने धुतलं आणि निघाला.

सोमवारी त्याने मला विचारलं, "काय देऊ?" पुढच्या माणसालाही त्याने याच आवाजात विचारलं. मंगळवारी तेच. बुधवारीही. मी तशी शांत डोक्याची बाई, पण बुधवारी मी पैसे मोजून घेतलेला बर्गर अर्धाच टाकून उठले. हा माणूस हातचा गेला तर पुन्हा मिळणार नाही, हे मला लख्ख कळत होतं.

आईला कागद दाखवला. ती म्हणाली, "अगं, इतकी वर्षं मी रांधतेय. माझा कधी दर लावलास? मग त्यालाच का?"

गुरुवारी मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली.

"काय देऊ?"

"एक बर्गर. आणि... तो हिशोब चुकला होता. तुमची मजुरी खोडली मी."

"फुकटात राबलो म्हणायचं?"

"नाही. घरच्या माणसाची मजुरी धरत नाहीत."

त्याचा हात कागदावर थांबला. कान लाल झाले.

"घरच्या म्हणजे..."

"तुम्ही मला आवडता. आता आणखी सोपं करून नाही सांगता येणार, मागे माणसं उभी आहेत."

"आम्हाला घाई नाही हो," मागच्या बाई म्हणाल्या. "पण त्यांनी काहीतरी बोलावं."

"रविवारी येतो," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या रविवारीही. आणि त्याच्या पुढच्याही... चालेल?"

मी मान हलवली. त्याने बर्गर माझ्या हातात दिला आणि सुटे पैसे परत द्यायचं विसरला. पैसा न् पैसा मोजून घेणारी मी, तशीच बाहेर आले.