श्री. लिंबूटिंबू यांचा पत्ता

अकरा हजार चारशे बारा लढती खेळायच्या, त्यांतल्या बहुतेक हरायच्या आणि तरीही चाळीस वर्षांत एकदासुद्धा कंटाळायचं नाही! असा माणूस असेल तरी कोण?

हे कोडं घेऊन तोलाजी कराडच्या एका वाचनालयाच्या पायऱ्या चढला. तोलाजी हा यंत्रमानव. ‘महाआखाडा’ या जुन्या व्हिडिओ गेममध्ये लढणाऱ्या नव्वद गड्यांना सारखा न्याय मिळतो की नाही, हे तपासायचं त्याचं काम. आज पाच वाजता महाआखाड्याची तेरावी आवृत्ती कायमची पक्की होणार होती. त्याआधी एका गड्याचा निकाल लावायचा होता, आणि तोलाजीचं डोकं पार चक्रावून गेलं होतं. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत महाआखाड्याच्या बाराही आवृत्त्या कपाटात ओळीने लावलेल्या होत्या. पडद्यासमोर दहा वर्षांची शलाका आणि तिचे आजोबा नाना बसले होते. नाना निवृत्त शास्त्रज्ञ. खेळात मात्र ते नातीच्या हातून सपाटून मार खात होते.

“नमस्कार,” तोलाजी अदबीने म्हणाला. “श्रीयुत लिंबूटिंबू इथेच खेळतात ना? मला त्यांना तातडीने भेटायचं आहे.”

शलाका इतकी हसली की तिला ठसका लागला.

“कुणाला हुडकतोयस बाबा?” नाना म्हणाले.

“लिंबूटिंबू. तुमच्या नोंदीत आहेत. राज्यातले सगळ्यांत अनुभवी खेळाडू.”

“मीच होते की! मागच्या वर्षीपर्यंत,” शलाका म्हणाली.

“आणि तिच्याआधी मी. तीस वर्षांचा घोडा होतो तेव्हा,” नाना म्हणाले.

तोलाजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एक माणूस दोन कसा असेल? त्याने आपली नोंद पुन्हा तपासली. तिथे एकच नाव होतं.

“त्यांना कशाला भेटायचंय?” शलाकाने विचारलं.

“खांबूबद्दल विचारायला. आज पाच वाजता तो महाआखाड्यातून जाणार आहे.”

शलाकाचं हसू जागच्या जागी थिजलं. खांबू म्हणजे बुजगावणं. शेतीच्या एका जुन्या खेळातून आलेलं. तो खेळ आता कुणाला आठवतही नाही. खांबूला दोनच डाव यायचे. हात पसरून उभं राहायचं, नाहीतर समोरच्याच्या अंगावर धाडकन पडायचं.

“नाही जायचा तो! रविवारी मी शेजारच्या मुक्ताला खेळायला शिकवणार आहे. ती चार वर्षांची आहे. मी शब्द दिलाय तिला. आमच्याकडे सगळे खांबूवरच शिकतात!”

मुक्ता मध्येच कुठून आली, हे तोलाजीला कळेना. त्याने नियम सांगितला. शंभर लढतींत चाळीसपेक्षा कमी जिंकणारा गडी पुढच्या आवृत्तीत राहत नाही. खांबू एकतीस जिंकतो.

“बस जरा,” नाना म्हणाले. “तू महाआखाडा तोलतोस. पण लोक तो खेळतात कशासाठी, ठाऊक आहे का?”

“हा क्रॉसओव्हर आहे (म्हणजे निरनिराळ्या खेळांतली पात्रं ज्यात एकत्र येतात असा खेळ),” तोलाजी घडाघडा म्हणाला.

“ही झाली व्याख्या. आता गंमत ऐक. शर्यतीच्या खेळात भन्नाट नावाचा गाडीवाला होता आणि स्वयंपाकाच्या खेळात बल्लवकाकू. दोघं आपापल्या घरी शेर. मग आम्ही भांडायचो, की भन्नाट आणि काकू समोरासमोर आले तर जिंकेल कोण? हे भांडण मिटायला जागाच नव्हती. महाआखाड्याने ती दिली. आठ खेळांतले आठ गडी एका मैदानात आणले.”

“म्हणजे अठ्ठावीस जोड्या. प्रत्येकाची सात जणांशी लढत, म्हणजे आठ गुणिले सात, त्याचे निम्मे.”

“शाबास! पण पहिल्या आवृत्तीत भन्नाटने शर्यतीतला वेग तसाच आणला. कुणाच्या हातीच लागेना. मग सगळे भन्नाटच घ्यायला लागले, आणि दोन्हीकडे तोच असला तर भांडणार काय, कपाळ? म्हणून दुसऱ्या आवृत्तीत वजन आलं. चपळ गडी हलका, फटका बसला की लांब उडणार. जड गडी हळू, पण जागचा हलायचा नाही. याला म्हणतात समतोल (कुणालाच फुकटचा फायदा न मिळणं).”

“आणि चौथीत तो नियम आला,” शलाका म्हणाली. रागात असली तरी तिला राहवलं नाही. “जितका मार खाल्ला असेल, तितकं पुढच्या फटक्याला लांब उडायचं. त्यामुळे शेवटपर्यंत सांगता येत नाही कोण जिंकेल.”

“तिसऱ्या आवृत्तीत चोवीस गडी होते, दोनशे शहात्तर जोड्या,” तोलाजी म्हणाला. “आता नव्वद गडी, चार हजार पाच जोड्या. त्या सगळ्या मी तोलतो. नवखा हरला तर दोष गड्याला देत नाही. सारख्याच अनुभवाचे खेळाडू एकमेकांसमोर धरतो. म्हणून तर लिंबूटिंबू महत्त्वाचे. खांबूच्या बहुतेक लढती त्यांच्याच आहेत. इतका मुरलेला खेळाडूही हरतो, म्हणजे खांबूच कुचकामी.”

शलाकाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग नानांच्या हातातला कंट्रोलर काढून तिने त्याच्या हातात कोंबला. “खेळ.”

“मी कधीच खेळलेलो नाही.”

“म्हणूनच.” तिने खांबू निवडला आणि नावाच्या चौकटीत टाइप केलं : लिंबूटिंबू.

“हे माझं नाव नाही,” तोलाजी गडबडून म्हणाला.

“आहे. आज आहे.”

शलाकाच्या बल्लवकाकूंनी लाटणं मारलं आणि खांबू आभाळात गेला. पुन्हा मारलं, पुन्हा गेला. दर वेळी पडद्यावर हार नोंदली जाई, पण शलाका लगेच खांबूला परत मैदानात आणी. खेळ काही संपेना.

“मी बाद का होत नाही?”

“लिंबूटिंबू बाद नसतो,” शलाका म्हणाली. “लहान असेल नाहीतर नवखा असेल, त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही, तो आउट नाही. त्याचं कुणी मोजतच नाही.”

तोलाजीची बोटं थांबली. “मोजत नाहीत? मग मी चाळीस वर्षांचं काय मोजलं?”

नाना हळूच म्हणाले, “सायकल शिकायला मुलं एकच जुनी सायकल घेतात. ती दिवसातून दहादा पडते. मग सायकल वाईट का?”

तोलाजीच्या डोळ्यांतले दिवे भराभर लुकलुकायला लागले. लिंबूटिंबू एक माणूस नव्हताच! चाळीस वर्षांत जो जो शिकायला बसला, त्याने तेच नाव घेतलं, आणि शिकला की ते पुढच्याला दिलं. त्या अकरा हजार लढती एका मुरलेल्या खेळाडूच्या नव्हत्या. त्या शेकडो नवख्यांच्या होत्या.

“लपलेलं कारण,” तो पुटपुटला (आकड्यांत जे दिसत नाही, पण आकडे बदलून टाकतं, ते कारण). त्याने ती सगळी ओळ उचलून नवख्यांच्या रकान्यात ठेवली आणि उरलेल्या लढती पुन्हा तोलल्या.

त्याला तासभर लागला. पाचला सात मिनिटं कमी होती.

“सारख्या हातांत खांबू शंभरात अठ्ठेचाळीस जिंकतो,” तोलाजी म्हणाला. “तो राहणार.”

शलाकाने त्याच्या पत्र्याच्या गळ्याला मिठी मारली. तिला खरंच रडू येत होतं.

पाच वाजले. तेरावी आवृत्ती पक्की झाली. तोलाजीचं काम संपलं होतं, तरी तो उठेना.

“आणखी एक डाव खेळू?” त्याने विचारलं.

खेळता खेळता संध्याकाळ झाली. सहाव्या डावात खांबू नेमका बल्लवकाकूंच्या डोक्यावर पडला आणि काकू मैदानाबाहेर गेल्या. शलाकाने नावाची चौकट उघडली, लिंबूटिंबू खोडलं आणि लिहिलं : तोलाजी.

“आता मी बाद होऊ शकतो?”

“हो.”

“आणि हरलो तर मोजणार?”

“मोजणार की!”

“पण मग हे चांगलं झालं की वाईट?” तोलाजी पुन्हा गोंधळला.

“खेळून बघ,” नाना म्हणाले. पुढच्याच डावात तो हरला. बाद झाला. पडद्यावर त्याच्या नावापुढे एक हार नोंदली गेली. ती त्याने तीनदा वाचली.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. “ते दुसरं नाव रविवारी मुक्ताला द्या.”